दुसऱ्या घंटेपर्यंत

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी माझ्या बापाची वाट पुसून टाकली. मुद्दाम नाही. माझी नोकरीच ती आहे. दिजों शहराच्या स्टेशनमागे एक काचेची इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी फोनमधल्या नकाशावरच्या मेलेल्या वाटा काढतो. ज्या वाटेवरून तीन वर्षांत एकही फोन गेला नाही ती वाट मेली, असं आमच्या कंपनीचं मत आहे. माणूस गेला का, हे कंपनी विचारत नाही; फोनशिवायचा माणूस हा कंपनीच्या लेखी एक प्रकारचा वाराच. यादी येते, पडद्यावर एक रेघ उमटते, मी कळ दाबतो, रेघ जाते, तिथं हिरवा रंग पसरतो. दिवसाला तीनशे. बोटाला इतकी सवय झाली आहे की ते डोळ्यांची वाट बघत नाही, आणि त्या दिवशी बोटानं दाबल्यावर अर्ध्या क्षणानं डोळ्यांना कळलं की गेलेली रेघ ओळखीची होती. वर मालादियेरच्या शेताकडून सरळ यायचं, अक्रोडाच्या झाडापाशी काहीतरी विसरल्यासारखं एकदम डावीकडे वळायचं आणि मग ओढ्यावरून उतरत धुण्याच्या कुंडाशी थांबायचं. असं वळण जगात दोनच ठिकाणी आहे, एक कुर्सोल गावाबाहेर आणि एक माझ्या बापाच्या सहीत. पडद्यावर आता नुसतं हिरवं होतं. खाली बारीक अक्षरात शेरा होता: वापरात नाही, गावानं विकायला काढली आहे, हरकती-सूचना शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. परत आणायची सोय आहे, पण त्यासाठी तीन वेगवेगळ्या फोनांची ये-जा दाखवावी लागते. मी उरलेल्या दोनशे सत्तर रेघा पुसल्या. जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाल्लं, त्यात काय होतं ते आठवत नाही. संध्याकाळी ट्राममधून उतरताना पायाखालची जमीन आहे ना, हे मी बूट आपटून पाहिलं. शेजारच्या बाई मला बघून सरकल्या.

लहानपणी माझी अशी समजूत होती की चूक एकदा चालते. याला कारण आमच्या चर्चची घंटा. कुर्सोलला प्रत्येक तास दोनदा वाजतो: एकदा वाजतो, मग दोन मिनिटं जातात आणि पुन्हा तितकेच टोले पडतात, ज्यांनी पहिल्यांदा मोजले नाहीत त्यांच्यासाठी. शेतातल्या माणसाचं लक्ष नसतं, घंटा त्याला सांभाळून घेते. मधली दोन मिनिटं कोणाचीच नसतात असं मी सातव्या वर्षी ठरवलं होतं, आणि त्या दोन मिनिटांत केलेलं काही धरलं जात नाही हेही. त्या भरवशावर मी रोमन लोकांनी बसवलेल्या दगडावर लघवी केली आहे, शाळेतल्या बाईंच्या मांजराला टोपी घातली आहे, आणि एकदा बापाच्या पत्रांच्या थैलीतलं विजेचं बिल ओढ्यात सोडून ते कुठवर जातं ते पाहिलं आहे. दिजोंमध्ये घंटा एकदाच वाजते. इथं सगळं धरतात.

रात्रीचं जेवण गॅसवर ठेवून मी घरी फोन लावला. बाबांकडे भिंतीवरचा फोन आहे, तो ते सहाव्या घंटीला उचलतात, कारण पोस्टात एकतीस वर्षं काढल्यावर ज्याला खरंच काम आहे तो थांबतो, असा त्यांचा अनुभव आहे.

"बाबा, मालादियेरची वाट विकतायत."

"विकू देत."

"तुम्ही हरकत लिहिलीत का कचेरीत?"

"मी कशाला लिहू? मी जातो कुठं तिकडं?"

उत्तर फार लवकर आलं. माझ्या बापाला 'ऊन आहे का' असं विचारलं तरी तो आधी खिडकीपर्यंत जाऊन येतो. तारेतून आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत होतो. मग ते म्हणाले, "तिबो, कांदा करपतोय तुझा." खरंच करपत होता. सत्तर किलोमीटरवरून त्यांना ते कसं कळलं, मला ठाऊक नाही. विषय बदलायचा असला की ते काहीही करू शकतात.

गुरुवारी मी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरच्या वाटेचं निधन. आमची साहेबीण भली बाई आहे, ती टेबलाशी आली, खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "जवळचं होतं का रे कोणी?" मी म्हटलं, "दोन किलोमीटर." तिनं मान हलवली आणि सोमवारपर्यंत यायचं नाही असं बजावलं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीत मी सायकल टांगली. ही सायकल मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती, जाड टायरांची, वाकड्या मुठींची, खडीवरून, मातीवरून, कुठूनही जाईल अशी. दुकानदार म्हणाला होता, हिला रस्ता लागतच नाही. दोन वर्षांत ती माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत गेली होती, आणि एकदा सायकलच्या दुकानापर्यंत. तरी कालव्याच्या काठावर तिला उतरवल्यावर पांढऱ्या खडीवर टायरांचा जो आवाज सुरू झाला, कोणीतरी शेजारी बसून सावकाश साखर चावत असल्यासारखा, तो ऐकून मला वाटलं, हिला आधीपासून माहीत होतं, मीच उशीर केला. एप्रिल संपत आला होता. मोहरीची शेतं इतकी पिवळी की डोळे मिटले तरी आत पिवळंच दिसे. जलद्वारावरच्या बंद घरांच्या खिडक्यांत कोणीतरी अजूनही जिरेनियम लावत होतं. गाई वळून बघत आणि मी त्यांच्या ओळखीचा नाही हे ठरवून पुन्हा चरू लागत. कालवा सोडून मी चढाला लागलो. वर पठारावर जुनी रोमन वाट लागते, तिच्यातले दगड पाठीवर झोपलेल्या म्हाताऱ्यांसारखे आहेत, मधेमधे गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोबणी. पुढचं चाक एका खोबणीत गेलं आणि अडकलंच, म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीच्या कोणा गाडीवानानं मला हाताला धरून नेलं म्हणा ना, मला कुठं वळायचं होतं याला काही किंमत नव्हती. ही वाट रोमनांची, मग मठातल्या साधूंची. मालादियेरला महारोग्यांना ठेवत, तेव्हा त्यांच्या इशाऱ्याच्या खुळखुळ्यांची. मग द्राक्षाच्या मळ्यांतल्या बायकांची. आणि त्यानंतर एकतीस वर्षं ती माझ्या बापाची, अनिसे गोम्बोची, पिवळी सायकल, पुढं थैली, थैलीच्या जागी सुट्टीच्या दिवशी मी. एवढ्या लोकांना पुरलेल्या वाटेचं शेवटचं टोक मी एका बोटानं पुसलं होतं. फोन खिशातून म्हणाला, "रस्त्यावर परत या." मी त्याला सांगितलं, मी रस्त्यावरच आहे. तो म्हणाला, "रस्त्यावर परत या." बाईचा आवाज आहे तो, फार समजूतदार. आमच्याच कंपनीचा.

मालादियेरच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. कुंपणाच्या खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत नोटीस ठोकलेली: सदर वाट सार्वजनिक वापरात राहिलेली नाही. तिच्याखाली पेन्सिलीनं कोणी लिहिलं होतं, 'वाचलं.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मीसुद्धा.' त्याखाली तिसऱ्या, 'बराच वेळ चालावं लागलं, पण वाचलं.' एक शेळी नोटिशीचा कोपरा चघळत होती आणि तिच्यामागे सोलांजबाई उभ्या होत्या, हातात बादली, पायात रबरी बूट. मी त्यांना पाहिलं त्याला बारा-पंधरा वर्षं झाली असतील. लहानपणी पत्र दिल्यावर त्या मला एक अक्रोड द्यायच्या, एकच, आणि तो मी फोडेपर्यंत बघत राहायच्या.

"पोस्टमनचा मुलगा," त्या म्हणाल्या. "केस गेले की रे तुझे."

"शहरात लागत नाहीत फारसे."

"थांब जरा." त्या आत गेल्या आणि चष्मा घेऊन आल्या. दोरीला बांधलेला, दोरी पोस्टाच्या गठ्ठ्यांना असते तसली, निळी. एका काडीला चिकटपट्टी. हा चष्मा मी ओळखतो. ती चिकटपट्टी मीच लावली होती, नाताळात. "तुझ्या बापाला नेऊन दे. मंगळवारी विसरला. त्याच्याशिवाय त्याला लिहिता येत नाही."

मी चष्मा हातात धरून उभा राहिलो. शेळीनं नोटीस संपवत आणली.

"असला तरी लिहायचा नाही म्हणा तो," सोलांजबाई बादली उचलत म्हणाल्या. "म्हणे, गाव काय म्हणेल! अरे, गावात एकशे बारा माणसं, त्यातली चाळीस बहिरी. मी पहिल्याच दिवशी कचेरीत हरकत लिहून आले. त्याला सांगितलेलं नाही. ही वाट गेली तर गाडीरस्त्यानं अकरा किलोमीटर, आणि त्याच्याकडे गाडी आहे का?" नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांनी चौकातल्या कारंज्याला धडक दिली. कारंजं सोळाव्या शतकातलं, त्याला काही झालं नाही. डॉक्टरांनी डावा डोळा तपासला आणि बाबांनी गाडी विकली. "शेजारच्याला कुंपण घालायचंय आरपार," त्या म्हणाल्या. "तारेचं. विजेच्या तारेचं. जा आता, बाराला बंद होतंय. आणि त्याला म्हणावं, आज अंडी आहेत लाल वाइनमधली, थंड झाली तर कोंबड्यांना परत घालीन."

मी वाटेला लागलो. पुसलेली वाट कशी असते, ते मी कधी पाहिलं नव्हतं. काटे असतील, गवत असेल, कुठंतरी थांबून सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, अशी तयारी होती. काटे होते, पण दोन्ही बाजूंना, आणि कापलेले. एका माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, त्याच्या वर मोकळे वाढलेले. माझं डोकं काट्यांतून जात होतं आणि खांदे सुखरूप. म्हणजे कापणारा माझ्याहून ठेंगणा. ओढ्यावर फळी टाकलेली, फळीवर कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा ठोकलेला, पाय घसरू नये म्हणून. मऊ मातीत टायरची एक रेघ, अरुंद, जुन्या नक्षीची, जाताना एक आणि येताना एक, पुन्हा जाताना एक. इतक्या वेळा की माझं जाड टायर तिच्यात मावेना. रानलसणीचा वास येत होता. मी सायकल थांबवली नाही, पण पाय आपोआप हळू झाले, आणि मग मला आई आठवू लागली, जिची मी सकाळपासून वाट बघत होतो. आईला ही वाट आवडत नसे, काटे लागून मोजे फाटतात म्हणायची. दुपारी ती पहिल्या घंटेला खिडकीत यायची आणि दुसऱ्या घंटेला सूप वाढायची, बाबा असोत नसोत, बहुतेक असायचे. ती जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतरची दोन-तीन वर्षं बाबा नाताळात टेबलावर तीन ताटं मांडायचे आणि मग एक उचलायचे. मी ते बघून नंतर फार यायचोच नाही. ऑफिसात फार काम असतं असं सांगायचो, आणि काम खरंच असायचं, दिवसाला तीनशे. गेल्या नाताळात ते रेडिओवरच्या विनोदाला हसले होते. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, म्हातारा झाला, कशालाही हसतो. आता खिशात तो चष्मा मांडीला लागत होता आणि मी राग येण्याची वाट बघू लागलो. स्टेशनवर गाडीची बघतात तशी, नीट, फलाटाच्या कडेला उभं राहून. अक्रोडाचं वळण आलं. राग आला नाही. मला आठवलं की इथं, अगदी इथं, बाबा सायकल टेकवायचे आणि दोन घंटांच्या मधली दोन मिनिटं काही न बोलता उभे राहायचे. मी समोरच्या जाळीच्या टोपलीत बसून त्यांच्या गणवेशाची बटणं मोजायचो. त्यांनाही वाटत असेल का, की मधलं धरत नाहीत? मी आणखी थोडा थांबलो, म्हटलं, रागाला उशीर झाला असेल. मग काहीतरी आलं. ती भूक होती. फोन म्हणाला, "रस्त्यावर परत या." मी पडदा पाहिला. निळा ठिपका, भोवती सगळं हिरवं. आपण कामावर नसताना आपलं काम असं दिसतं.

अकरा अठ्ठेचाळीसला मी घरात शिरलो. बाबा अंगणात होते, दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पँटीला चिमटा. मला बघून त्यांनी आधी चिमटा काढला.

"काय रे, अचानक?"

"कुठं निघालात?"

"कुठं म्हणजे? लीकच्या वाफ्याला पाणी घालत होतो."

"चिमटा लावून?"

"पाणी उडतं."

मी चष्मा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. बघत राहिले, पत्त्यावर माणूस राहत नाही असं पाकीट परत आल्यावर बघायचे तसे. मग घेतला. डोळ्यांना लावला. माझ्याकडे पाहिलं, आणि चष्म्यातून मी त्यांना जरा जास्तच स्पष्ट दिसलो असणार, कारण त्यांनी तो पुन्हा काढला.

"पत्ते खेळतो आम्ही," ते म्हणाले.

"दोघंच?"

"दोघांचेही खेळ असतात."

"बाबा, चला, लिहून या. दहा मिनिटं आहेत."

"आणि काय लिहू? कारण विचारतात त्या वहीत. कोण, कधी, कशासाठी. एकतीस वर्षं मी या गावाची पाकिटं दारात टाकली, एकही फोडलं नाही. आता माझं पाकीट मीच चौकात फोडू?" ते लीककडे वळून बोलत होते. "आई काय म्हणाली असती तुझी?"

हे त्यांनी मला विचारलं की लीकला, कळेना. मी म्हटलं, "मोजे फाटतील म्हणाली असती."

त्यांची पाठ हलली. हसले की काय ते दिसलं नाही.

"आणि सोलांजबाईंनी लिहिलंय," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी. पंधरा दिवस झाले वही उघडी पडलीय कचेरीत."

बाबांनी हातातला चिमटा फिरवला. त्यांचा चेहरा गावातून फिरून येत असावा: बेकरी, कारंजं, चर्च, बेकरी. "म्हणूनच," ते शेवटी म्हणाले, "त्या पाववालीनं मला मंगळवारी दोन पाव दिले." आणि त्यांनी चिमटा पुन्हा लावला.

चौक ओलांडताना पहिली घंटा सुरू झाली. बाबा पुढं, पिवळी सायकल, मी मागं. बारा टोले आमच्या डोक्यावरून एकेक करून गेले आणि बारावा संपला तेव्हा मी कचेरीच्या दाराची कडी धरली होती. आत मादो, कचेरीतली एकुलती एक कारकून, खुर्चीवरचं जाकीट उचलत होती. टेबलाशी बाहेरून आलेल्या चौकशी अधिकारी बाई, नोंदवही मिटण्यासाठी हात वहीवर.

"बारा वाजले," बाई म्हणाल्या.

"वाजायचेत, मादाम," मादो जाकीट खाली ठेवत म्हणाली. "इथं दुसरी धरतात."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि वही उघडली. पंधरा दिवसांत एकच नोंद होती, मोठ्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. बाबांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचली. मी खांद्यावरून वाचली. *सोलांज पेत्तो, वय एकाहत्तर. या वाटेनं मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बारानंतर मोस्यू अनिसे माझ्याकडे जेवायला येतात. ते हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते आहे. शिवाय शेळ्या.*

"पण गावानं मोजणी केली आहे," बाई कागद उलटत म्हणाल्या. "माणूस बसवला होता कुंडापाशी, पंधरा दिवस. एकही वाटसरू नाही."

"आठ ते बारा आणि दोन ते पाच," मादो म्हणाली.

"आणि बारा ते दोन?"

मादोला प्रश्नच कळला नाही. "बारा ते दोन जेवण असतं, मादाम."

भिंतीवरच्या नकाशात ती वाट होती, शाईनं काढलेली, कोणाच्या तरी हातानं. बाबांनी पेन मागितलं. पहिला शब्द लिहिला आणि थांबले. हात थांबला होता, पाकीट कुठल्या दारात टाकायचं हे ठाऊक असलेल्या माणसाचा हात कुत्रा भुंकल्यावर थांबतो तसा. दोन मिनिटं केवढी असतात! माशी खिडकीवर तीनदा आपटली. मला वाटलं, आता मीच लिहावं. मग वाटलं, मी काय लिहिणार, मी तर ती पुसणारा. मी खिशात हात घातला आणि मूठ आवळून ठेवली. बाबा लिहू लागले. अक्षर पोस्टातलं, सुटं, लांबून वाचता येईल असं. *अनिसे गोम्बो, पोस्टमन, निवृत्त. ही वाट मी अडतीस वर्षं वापरतो. पहिली एकतीस, पत्रं घेऊन. नंतरची सात, पत्रांशिवाय.* खाली सही, शेवटच्या फराट्यासह. तो अक्रोडापाशी डावीकडे वळला आणि उतरत कुंडाशी थांबला. त्याच वेळी दुसरी घंटा सुरू झाली आणि आम्ही चौघंही, कारण नसताना, बारा होईपर्यंत मोजत उभे राहिलो.

बाईंनी वही मिटली. "अहवालाला महिना लागेल," त्या म्हणाल्या. "मी आत्ता काही सांगू शकत नाही." मग आपला चष्मा पुसत, "पण मोजणी पुन्हा करावी लागेल. बारा ते दोन मी स्वतः बसेन. डबा घेऊन."

"कुंडापाशी सावली नाही," बाबा म्हणाले. "अक्रोडाखाली बसा. शुक्रवारी या." आणि मग, कान लाल होत, "मंगळवारीही चालेल."

मादोनं जाता जाता आपला फोन टेबलावरून उचलला, हातात तोलला आणि मला म्हणाली, "तुमच्या नकाशाला किती फोन लागतात म्हणालास?" मी तिला काही म्हणालो नव्हतो, येताना बाबांना तेवढं सांगितलं होतं. बाबांकडे पाहिलं तर ते सायकलीचं कुलूप काढण्यात गर्क होते.

"तीन," मी म्हटलं.

"मी जेवून वाटेवर येतेच," ती म्हणाली. "मोजून दोन वाजता नाही, आज जरा आधी."

"एक हा माझा, दुसरा तुझा," मी म्हटलं.

"तिसरा त्या मादामचा. डब्याबरोबर आणतीलच की."

कुंडाशी वाट सुरू होते तिथं बाबा उतरले नाहीत, तसेच शिरले. त्यांची सायकल माझ्या सायकलीहून चाळीस वर्षांनी म्हातारी, गिअर एकच, तरी ती पुढं आणि मी मागं, कारण खोबण तिची होती. त्यांचे खांदे काट्यांच्या मधून तंतोतंत गेले. माझं डोकं ओरबाडलं गेलं. पुढच्या वेळी येताना कात्री आणावी, वरचं मी कापीन, असं मनात आलं, आणि 'पुढच्या वेळी' हा शब्द आपल्या मनात कुठून आला म्हणून मी जरा दचकलोच. फळीवर जाळी खडखडली. अक्रोडापाशी बाबा थांबले नाहीत. घंटा दोन्ही वाजून गेल्या होत्या, आता सगळं धरलं जाणार होतं, आणि ते तसेच पायडल मारत वळले, डावीकडे, काहीच न विसरल्यासारखे. वरून वाइनमध्ये शिजलेल्या कांद्याचा वास उतरत आला. खिशातून आवाज आला, "रस्त्यावर परत या."

बाबांनी मान वळवली नाही. "कोण रे ही बाई?"

"माझं ऑफिस."

"सारखी हाका मारतेय बिचारी," ते म्हणाले. "तिलाही घे जेवायला."